एकोणतिसावा आठवडा

थांबा. आधी हात दाखवा. टाचणी नाही ना हातात? बरं, मग बसा समोर, मित्रांनो. समोरच बसा. बाजूला उभं राहून माझ्याकडे तिरक्या नजरेने बघणारी माणसं मला आवडत नाहीत.

मी एक जुना नियोजन-फलक. हे आपलं कागदावरचं नाव. एरवी सगळे मला बोर्डच म्हणतात. एका माध्यमिक शाळेच्या शिक्षककक्षात, दारासमोरच्या भिंतीवर मी तीस वर्षं टांगलेला आहे. वर्षभरात कोणत्या आठवड्याला काय शिकवायचं ते चिठ्ठ्यांवर लिहितात आणि त्या चिठ्ठ्या माझ्या अंगावर टाचतात. टोचून घेणं हाच माझा धंदा. त्यामुळे कोणी जवळ आलं की माझ्या मनात दोनच विचार येतात. हा आता काय टोचणार? आणि हा आता काय काढून नेणार?

माझा स्वभाव असा संशयी का झाला आणि त्यापायी काय काय घडलं, ते सांगायला बसलो आहे.

मला एका सुताराने घडवलं. सागाची चौकट, आत मऊ लगद्याची जाड फळी आणि वर हिरवं कापड. कापड ताणून बसवायला त्याची बायको मदतीला होती. एकदा सुरकुती राहिली तेव्हा तिने सगळं कापड उचकटायला लावलं. "पोरांच्या शाळेत जायचंय ते, नीट बसव," ती म्हणाली. सुताराने चार टाचण्या टोचून पाहिल्या आणि खूश होऊन म्हणाला, "लोण्यात सुरी जावी तशी जातेय." तेव्हा मला दुखलं. पण नव्या अंगाला दुखण्याचंही अप्रूप असतं.

शाळेत आल्यावर एका तरुण शिक्षकाने पांढऱ्या फितीने माझे बत्तीस चौकोन पाडले. एका ओळीत आठ, अशा चार ओळी. बत्तीस चौकोन म्हणजे शिकवण्याचे बत्तीस आठवडे. तो इतिहास शिकवायचा. कोणत्याही लढाईची, कोणत्याही तहाची तारीख त्याला झोपेतून उठवून विचारा, बिनचूक सांगायचा. मुलांनी त्याचं नाव 'सनावळीसर' पाडलं, आणि पुढे शिक्षकही त्याच नावाने हाक मारू लागले. तेव्हा त्याचे केस काळे होते. आज डोक्यावर केस मोजकेच आहेत, पण तारखा तेवढ्याच.

माझ्यासाठी या सनावळीसरांनीच एक रीत घालून दिली. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या चिठ्ठ्या बोर्डावर लावायच्या आणि सात दिवस तशाच ठेवायच्या. याला म्हणायचं 'हरकतीचा आठवडा'. या सात दिवसांत कुठल्याही शिक्षकाने कुठलीही चिठ्ठी काढावी, मुभा आहे. मात्र काढली तर तिच्या जागी लाल चिठ्ठी लावायची, आणि तिच्यावर तीन गोष्टी लिहायच्या: काय काढलं, का काढलं आणि स्वतःचं नाव. मग समोरासमोर बसून भांडा, समजूत काढा, काय ते करा. शनिवारी दुपारी चार वाजता बोर्डावर जे असेल तेच वर्षभर शिकवायचं. त्यापुढे कुरकुर ऐकून घेतली जाणार नाही.

काय दिवस होते ते! तपासणीला येणारे साहेब आधी माझ्यापुढे उभे राहायचे. "वा, असा बोर्ड हवा प्रत्येक शाळेत," असं म्हणून एकाने तर माझा फोटो काढून नेला होता. मी छाती फुगवून उभा राहायचो. बोर्डाला छाती असते का, असं विचारू नका. असते.

मग संगणक आला. बाकीच्या विषयांची नियोजनं तिकडे गेली. राहिला एकटा इतिहास. माझ्या एका कोपऱ्यात कोणी खिळा ठोकून छत्र्या अडकवल्या. पायाशी नकाशांचं लोखंडी कपाट आणून उभं केलं. भिंतीच्या तळाशी पाण्याचा पाइप जातो, म्हणून ते कपाट भिंतीला टेकत नाही. मागे चार बोटांची फट राहते. हे कपाट मला पहिल्यापासून आवडलं नाही. जे भिंतीला पाठ लावून उभं राहत नाही, त्याच्या मनात काय आहे कोण जाणे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

या वर्षी शाळेत एक नव्या बाई आल्या. वयाने लहान, घरी दीड वर्षाची मुलगी. मुलगी दिवसभर त्यांच्या ताईकडे असायची. त्यामुळे बाईंचा एक डोळा कागदावर आणि एक डोळा फोनवर. फोन जरा थरथरला की त्यांच्या हातातली टाचणी खाली पडायची. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, त्यांच्यावर एक काम सोपवलं होतं. नववीसाठी आधुनिक जगाच्या इतिहासाचा नवा अभ्यासक्रम आखायचा, आठवड्याला चार तासिका. या वर्षी माझ्या अंगावर तोच लागणार होता. एक वर्ष चालवून बघायचा. जमला तर अभ्यासक्रम राहील आणि बाईंची नोकरीही राहील. नाही जमला तर चारही तासिका गणिताला. गणिताचे सर रोज चहाचा कप घेऊन माझ्यापुढे उभे राहायचे आणि रिकाम्या जागेकडे नजर लावलेल्या भाडेकरूसारखे हसायचे. मी त्यांना पहिल्याच दिवशी संशयितांच्या यादीत घातलं.

बाईंनी महिनाभर खपून बत्तीस चिठ्ठ्या लिहिल्या. तहांच्या तारखा कमी, माणसं जास्त. पहिल्या आठवड्यात 'यंत्रमाग येण्याआधी एका विणकराचा दिवस'. पुढे कारखाने, राज्यक्रांती, समुद्र ओलांडून मालक झालेले लोक. चौदाव्या आठवड्यात 'खंदकातून घरी आलेली पत्रं'. मग मंदी, दुसरं महायुद्ध, स्वतंत्र झालेले देश. आणि एकोणतिसाव्या आठवड्यात, शेवटच्या ओळीत, त्यांची सगळ्यात लाडकी चिठ्ठी: 'घर सोडून निघालेली माणसं. घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारा: तुम्ही गाव सोडलंत तेव्हा बरोबर काय घेतलंत?'

ती चिठ्ठी टाचताना मला अजिबात दुखलं नाही. मला वाटलं, बाईंचा हात हलका आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, मित्रांनो. मी ठेवली नाही, तिथेच चुकलो.

सनावळीसर बोर्डासमोर आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. एकोणतिसाव्यापाशी बराच वेळ थांबले.

"बाई, हा इतिहास नाही. ही चौकशी आहे."

"चौकशीशिवाय इतिहास होतो का, सर?" बाईंनी नम्रपणे विचारलं, पण आवाजाला धार होती.

"पन्नास वर्षं उलटल्याशिवाय कुठलीच गोष्ट इतिहास होत नाही, हा माझा नियम आहे. आणि घरातली दुखणी वर्गात कशाला आणायची? उद्या एखाद्याची आजी रडली तर पालक कोणाला धरणार? मला नाही, तुम्हाला."

"मग लाल चिठ्ठी लावा ना."

"बघतो. आठवडा आहे अजून," असं म्हणून सर गेले.

'बघतो' हा शब्द मला फार जुन्या काळापासून खटकतो. ज्याला करायचं असतं तो करतो. 'बघतो' म्हणणाऱ्यावर नजर ठेवावी लागते.

मी नजर ठेवली. रात्री झोपण्यापूर्वी आईने मुलांची डोकी मोजावीत तशा मी रोज शाळा बंद होताना चिठ्ठ्या मोजत होतो. शनिवारी बत्तीस. रविवारी शाळेला सुट्टी, तरी मोजल्या, बत्तीस. सोमवारी संध्याकाळी एकतीस.

एकोणतिसावा चौकोन रिकामा! लाल चिठ्ठी नाही, नाव नाही, कारण नाही. चिठ्ठी गेली ती टाचणीसकट. चोर असावा तर असा चोख.

मंगळवारी बाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. कोणाला काही बोलल्या नाहीत. नवी चिठ्ठी लिहिली, पुन्हा टाचली, आणि खोलीतल्या एकेका माणसाकडे न बघितल्यासारखं करून बघितलं. ती नजर मी ओळखतो. पाळण्यातल्या लेकरावर डास बसलाय की सावली आहे, हे ठरवतानाची असते तशी.

बुधवारी पुन्हा चिठ्ठी गायब.

आता मीही गप्प बसणारा नव्हतो. म्हणजे गप्पच होतो, दुसरं काय करणार, पण आतून खवळलो होतो. मी हिशेब मांडला. खोलीत सगळ्यांत आधी कोण येतं? सनावळीसर. साडेसातलाच. खोलीत कोणी नसताना माझ्यापुढे कोण उभं राहतं? सनावळीसर. बुधवारी सकाळी मी स्वतः पाहिलं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून छोटी डायरी काढली, एकोणतिसाव्या चिठ्ठीवरून काहीतरी उतरवून घेतलं. मग हात वर केला. चिठ्ठीपाशी नेला. दारात शिपाईमामांची पावलं वाजली तसा झटकन खाली घेतला. याला काय म्हणायचं, सांगा बरं?

शिपाईमामाही माझ्या यादीत होतेच. झाडू घेऊन रोज खोलीत एकटा असणारा माणूस.

"मामा, झाडताना इथली एखादी चिठ्ठी सापडली का हो?" बाईंनी विचारलं.

"सापडली असती तर दिली नसती का? मला काय त्याची भाजी करायचीय?" मामा म्हणाले. "कपाटाच्या पुढचं झाडतो मी. मागचं झाडायला कपाटाला पाय फुटायला हवेत."

सगळे हसले. मीही हसलो. इतकं समोर ठेवलेलं उत्तर आणि आम्ही सगळे त्यावर हसलो.

गुरुवारी बाईंनी तिसऱ्यांदा लिहिली. या वेळी दोन टाचण्या लावल्या. शुक्रवारी दुपारपर्यंत ती होती. मधल्या सुट्टीत खोली गजबजली, पाठी माझ्याकडे झाल्या, कोणाच्या खांद्याआड काय चाललंय ते मला दिसेना. सुट्टी संपली, खोली रिकामी झाली आणि एकोणतिसावा आठवडाही रिकामा झालेला.

मग मात्र बाईंचा बांध फुटला. शेवटची तासिका संपल्यावर त्या सरळ सरांच्या टेबलापाशी गेल्या.

"सर, तुम्हाला ती चिठ्ठी नको असेल तर तोंडावर सांगा. पण असं गुपचूप काढू नका. माझ्या लेकीला दुसऱ्याच्या हवाली करून मी इथे येते. हे काम गेलं तर मला परत कुठे जागा नाही."

सरांचे कान लाल झाले. "मी काढली? अहो, काढायची असती तर लाल चिठ्ठी लावून काढली असती. माझं नाव लिहायला मी कधी..."

आणि सर मधेच थांबले. तोंड उघडंच राहिलं. त्यांना काहीतरी आठवलं होतं. मलाही आठवलं. हेच वाक्य याच खोलीत अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणीतरी म्हटलं होतं.

तेव्हा इथे भूगोलाच्या एक बाई होत्या. सरांचं आणि त्यांचं छान गूळपीठ होतं. दोघं एकाच डब्यातून खायचे आणि नकाशावर बोट ठेवून तासनतास भांडायचे. त्या वर्षी सरांनी शेवटच्या ओळीत एक धाडसी चिठ्ठी लावली होती, 'न संपलेलं युद्ध'. तेव्हा वर्तमानपत्रांत रोज येत असलेलं एक युद्ध त्यांना वर्गात आणायचं होतं. भूगोलाच्या बाई म्हणाल्या होत्या, "अहो, निवळू द्या जरा. गढूळ पाण्यात तळ कसा दाखवणार मुलांना?" दोन दिवसांनी चिठ्ठी नाहीशी झाली. सरांनी भर खोलीत विचारलं, "तुम्हीच काढलीत ना?" त्या म्हणाल्या, "काढायची असती तर लाल चिठ्ठी लावून काढली असती. माझं नाव लिहायला मी कधी भ्याले नाही." सरांनी विश्वास ठेवला नाही. मीही ठेवला नाही, खोटं कशाला बोलू? मला वाटलं, एवढी ठासून बोलतेय म्हणजे हिनेच काढली. वर्ष संपलं तशा त्या दुसऱ्या शाळेत गेल्या. सरांचा डबा एकट्याचा झाला. आणि त्याच वर्षापासून त्यांनी तो पन्नास वर्षांचा नियम काढला. एकोणतिसाव्या आठवड्यात ते तेव्हापासून दरवर्षी 'उजळणी' एवढंच लिहीत आले.

पण हे सगळं नव्या बाईंना कुठे ठाऊक? त्यांना दिसलं ते एवढंच, की आरोप केल्यावर माणूस वाक्य अर्धवट सोडून गप्प झाला. त्यांचा संशय पक्का झाला.

आरडाओरडा ऐकून मोठ्या बाई आल्या. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मी पोलीस नाही. रीत काय सांगते? उद्या चार वाजता मी इथे येईन. बत्तीस चौकोन भरलेले असतील तर सही करीन. एक जरी रिकामा असला, तर नियोजन अपुरं. तासिका गणिताला."

गणिताच्या सरांनी चहाचा घोट घेतला. एवढा मोठा आवाज मी त्यांच्या घोटाचा कधी ऐकला नव्हता.

शनिवारी शाळा बाराला सुटली. बाईंनी चौथ्यांदा चिठ्ठी लावली, तीन टाचण्यांनी. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. पाच मिनिटांनी सनावळीसरही खुर्ची घेऊन आले.

"तुम्ही कशाला?" बाई.

"पहारा द्यायला."

"कोणावर?"

"ते चार वाजता कळेल," सर म्हणाले. त्यांचाही हिशेब झाला होता. या बाईच चिठ्ठी काढतात आणि माझ्या नावाने बोंब ठोकतात, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. म्हणजे बघा, समोर दोन खुर्च्या, दोन पहारेकरी आणि दोघंही एकमेकांचे चोर. तिसरा मी. माझा दोघांवरही संशय.

एक वाजला, दोन वाजले. बाहेर मैदानावर कोणीतरी चेंडू भिंतीवर आपटत होतं. सर पेन्सिलीला टोक करत होते. तिला टोक आधीच होतं.

अडीचला बाईंचा फोन थरथरला. ताई होती. मुलीला कणकण होती, किरकिर करत होती. "किती आहे ताप? काखेत मोजलास ना? डोळे बघ तिचे. दूध घेतलं का?" बाई उठून उभ्या राहिल्या. ताईचा आवाज खोलीभर ऐकू येत होता, "अगं, दात येतायत. तुझा जीव टांगणीला लागू नये म्हणून सांगणारच नव्हते. आत्ता झोपतेय ती. तू तुझं आटप."

बाईंनी फोन ठेवला, पण बसल्या नाहीत. पर्स उचलली, खाली ठेवली.

"जा तुम्ही घरी," सर म्हणाले. "मी आहे इथे. चिठ्ठी कुठे जात नाही."

हे वाक्य किती साधं होतं! पण बाईंनी सरांकडे असं पाहिलं, जणू दूधवाल्याने फुकट दूध देऊ केलं होतं. मला हाकलून याला मोकळं रान हवंय, असंच त्यांच्या मनात आलं असणार. त्या घट्ट बसल्या. फोन मांडीवर उलटा न ठेवता सुलटा ठेवला.

साडेतीन. पावणेचार. कोणी उठलं नाही, कोणी माझ्या जवळ आलं नाही. दोघांचेही डोळे एकोणतिसाव्या चौकोनावर.

आणि दोघांच्या डोळ्यांदेखत पहिल्या टाचणीने मान टाकली.

दुसरी तिच्यामागोमाग तिरकी झाली. चिठ्ठीचा एक कोपरा सुटला. मग तिसरी टाचणी हिरव्या कापडातून अशी निसटली, जशी पिकल्या फळातून बी निसटते. चिठ्ठी कपाटाच्या मागे, त्या चार बोटांच्या फटीत गेली. खाली पाइपावर 'टिक' असा आवाज झाला. टाचणी पडल्याचा.

दोघंही एकदमच खुर्चीतून उठले.

"आपल्यापैकी कोणी..." सरांनी सुरुवात केली.

"नाही," बाई म्हणाल्या.

मला काय वाटलं असेल, कल्पना करा. चोर मीच होतो! सर जवळ आले आणि त्यांनी एकोणतिसाव्या चौकोनावर बोट दाबलं. बोट आत गेलं. मला कळलंच नाही. मुंग्या आलेल्या पायावर कोणी हात ठेवावा, तसं. मी समोरची सगळी खोली पाहत होतो, पण स्वतःच्या अंगाकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

"इथे लगदा उरलेलाच नाही. नुसतं कापड आहे," सर हळूच म्हणाले. मग त्यांनी वरच्या ओळीत बोट दाबलं. तिथे मी टणक होतो. "इथे काही झालेलं नाही. का होईल? राज्यक्रांतीची चिठ्ठी दरवर्षी एकदाच लागते. कोणाची हरकत नसते तिला. शेवटच्या ओळीत मात्र लावा, काढा, लाल लावा, पुन्हा लावा. जेवढं आपल्या जवळचं, तेवढी जास्त टोचाटोच."

बाईंनी मामांना हाक मारली. तिघांनी मिळून कपाट ओढलं. "फुटले बाबा पाय," मामा धापा टाकत म्हणाले.

मागे धूळ होती, गंजलेल्या टाचण्या होत्या आणि चिठ्ठ्या होत्या. बाईंच्या चार. त्याखाली 'उजळणी' लिहिलेल्या सात-आठ. त्या कधी पडल्या हे कोणाला कळलंही नव्हतं, कारण उजळणी हरवली म्हणून कोण शोधणार? आणि सगळ्यांत खाली, पाइपाला चिकटलेली, पिवळी पडलेली एक. सरांनी ती नखाने सोडवली. अक्षर त्यांचंच, उजवीकडे झुकलेलं. 'न संपलेलं युद्ध'.

सर तिथेच, धुळीत, जमिनीवर बसले.

"अकरा वर्षं," ते म्हणाले. "तिने मला सांगितलं होतं. सरळ तोंडावर सांगितलं होतं."

बाईंना काय झालं ते नेमकं कळलं नाही, पण त्या शेजारी बसल्या. मग सरांनी सगळं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "सर, मीही कालपासून तुम्हाला मनातल्या मनात किती बोलले आहे."

"बुधवारी मी चिठ्ठीला हात लावला होता, तोही कशाला माहितीये? ती वाकडी लटकत होती. सरळ करायला."

मित्रांनो, तेव्हा मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण मी भिंतीवर होतो.

चार वाजले. दारात मोठ्या बाई उभ्या. मागे गणिताचे सर, या खेपेस कप न घेता.

बाईंनी धूळ झटकून चिठ्ठी उचलली, टाचली. टाचणी निसटली. दुसरी लावली. तीही निसटली. मोठ्या बाई घड्याळाकडे पाहत होत्या. बाई तिसरी टाचणी शोधू लागल्या.

"द्या इकडे," सनावळीसर म्हणाले. त्यांनी चिठ्ठी घेतली, एकोणतिसाव्या चौकोनावर ठेवली आणि अंगठ्याने दाबून धरली. "चार वाजता बोर्डावर जे असेल ते. आहे ना बोर्डावर? करा सही."

"तुमची हरकत होती ना?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"होती. लाल चिठ्ठी लिहायला बसलोही होतो. कारण लिहिता येईना." सरांनी दुसऱ्या हाताने खिशातली डायरी काढली. "हा प्रश्न उतरवून नेला आणि घरी आईला विचारला. नव्वदीची आहे ती. इतक्या वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. तारखा सगळ्या मला पाठ होत्या. ती म्हणाली, पिठाची चाळणी घेतली होती. का घेतली, तिलाही माहीत नाही. अजून वापरते." त्यांनी डायरी परत खिशात टाकली. "हे पन्नास वर्षांपूर्वीचंच आहे. पण नसतं तरी चाललं असतं."

मोठ्या बाईंनी बत्तीस चौकोन बोटाने मोजले आणि सही केली. सरांनी तोपर्यंत अंगठा हलवला नाही. मग ते नव्या बाईंकडे वळून म्हणाले, "आता तरी जा घरी. या वेळी खरंच सांगतोय."

बाई हसल्या आणि पर्स घेऊन धावतच सुटल्या.

खोली रिकामी झाल्यावर सरांनी लाल कागद घेतला. बराच वेळ पेन हातात धरून बसले. मग लिहिलं आणि माझ्या वरच्या ओळीत, जिथे मी अजून टणक होतो तिथे, लावलं. मला ते असं वाचता आलं:

'काय काढलं: भूगोलाच्या बाईंच्या शब्दावरचा विश्वास. कारण: काही नाही. कपाट हलवलं नाही. नाव:'

आणि खाली पूर्ण सही.

पुढच्या आठवड्यात माझा इलाज झाला. मला भिंतीवरून उतरवलं. माझ्या सुताराच्या मुलीने, हो, आता तीच दुकान चालवते, शेवटच्या ओळीतला भुसा झालेला भाग कापून काढला आणि तिथे नवा लगदा बसवला. कापड ताणताना तिनेही एक सुरकुती पाहिली आणि पुन्हा उचकटलं. कपाट दुसऱ्या भिंतीला गेलं. छत्र्यांचा खिळा निघाला.

नंतर एका दुपारी पांढऱ्या केसांच्या एक बाई काठी टेकत आल्या. सरांनी फोन केला होता. काय बोलले ते मला माहीत नाही. मी ऐकायचा प्रयत्न केला होता, पण ते बाहेर ओसरीत जाऊन बोलले. भूगोलाच्या बाईंनी लाल चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. मग मागे वळून न पाहता म्हणाल्या, "अक्षर अजून गिचमिडच आहे तुमचं."

"डबा आणलाय," सर म्हणाले.

"आधी ती चिठ्ठी द्या."

सरांनी ती पिवळी चिठ्ठी दिली. एकोणतिसाव्या आठवड्यात नव्या बाईंची चिठ्ठी होतीच. भूगोलाच्या बाईंनी तिच्या शेजारीच, त्याच चौकोनात, 'न संपलेलं युद्ध' ठेवली आणि टाचणी टोचली.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखं एखादं जुनं काही असेल. भिंतीवरचं, दारातलं किंवा घरातलं एखादं माणूस. ते काही धरून ठेवत नाही असं दिसलं, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खिशात डोकावू नका. आधी जवळ जा. बोट दाबून बघा, कुठे पोकळ झालंय का. कपाट जड असेल, तरी ओढा. अकरा वर्षं थांबू नका.

आणि टाचणी जरा सांभाळून लावा. भूगोलाच्या बाईंनी ती टोचली तेव्हा मला दुखलं. बऱ्याच वर्षांनी. आणि ती पडली नाही.